नऊ ओळींची संख्या

लोकांच्या संसारात काय काय चाललं आहे, हे जाणून घ्यायची मृणाल आष्टनकरला आता काडीचीही हौस उरली नव्हती. पण नागपूरच्या कुलूपबदल केंद्रात चार नंबरच्या टेबलावर बसलं की ते न विचारता कळायचं. समोर नवरा-बायको येऊन बसत, बोटातल्या अंगठ्या काढून खाचेत ठेवत आणि पडद्यावर त्यांची संख्या उमटे. ती सहा ओळींत मावली तर मृणाल मान वर न करता कामाला लागे. नऊ ओळींवर गेली तर आधी पाण्याचा ग्लास पुढे सरकवे.

त्या सकाळी नखाते नावाच्या जोडप्याची संख्या नऊ ओळींवर गेली. मृणालने ग्लास सरकवला.

"तुमच्या कुलपात तिसरा भाग आहे," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की कंडक्टरने सुटे पैसे मागावेत तसं ते बाहेर पडे. "तुमच्या दोघांच्या किल्ल्यांशिवाय आणखी एक किल्ली यात गुणलेली आहे. ती कोणाची, ते संख्येवरून आम्हाला सांगता येत नाही."

नखातेबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग ग्लासाकडे. नवरा वरच्या पंख्याकडे पाहत होता.

"म्हणजे कोणीतरी आहे, एवढं पक्कं. अन् कोण आहे ते माहीत नाही?"

"हो."

"असं कसं सांगून राहिले मॅडम तुम्ही? आहे म्हणता ना? मग कोण ते माहीत नको?"

असं कसं असतं, हे समजावण्यातच मृणालचा जन्म गेला होता. आधी कॉलेजात गणित शिकवताना, आणि निवृत्तीनंतर इथे. गुणाकार सोपा आणि फोड अवघड, एवढ्या एका गोष्टीवर हा सगळा कारभार उभा होता. तेरा सत्ते किती, हे शाळेतलं पोर सांगतं. पण नुसता एक्क्याण्णव हा आकडा पुढे ठेवून 'हा कोणाकोणाच्या गुणाकाराने झाला' असं विचारलं, तर मोठी माणसंसुद्धा क्षणभर थांबतात. तेच सात आणि तेराऐवजी तीनशे-तीनशे अंकी दोन मूळ संख्या घेतल्या, म्हणजे ज्यांना एक आणि ती संख्या स्वतः यांखेरीज कोणीच भागत नाही अशा, तर त्यांचा गुणाकार होतो सहाशे अंकी. तो करायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पण त्या सहाशे अंकांवरून मूळच्या दोन संख्या परत काढायच्या म्हटल्या, तर जगातले सगळे साधे संगणक जुंपले तरी सूर्य विझायची वेळ येईल.

खोटे चेहरे, खोटे आवाज आणि खोट्या सह्या घरबसल्या बनू लागल्या तेव्हा सरकारने हे जोडकुलूप आणलं. लग्न नोंदवताना नवऱ्याला एक मूळ संख्या मिळे, बायकोला एक, ती ज्याच्या त्याच्या अंगठीत. दोन्हींचा गुणाकार सरकारकडे, उघड्यावर. घराचे कागद, बँक, दवाखान्यातल्या संमती, सगळं त्या गुणाकाराने बंद. निम्म्याहून जास्त भागांच्या किल्ल्या लागल्याशिवाय काही उघडायचं नाही. भाग दोन असतील तर दोन्ही लागत. पुढे मुलं मोठी होतात, म्हाताऱ्या आईवडिलांचं पाहावं लागतं, म्हणून तिसरी किल्ली गुणून घ्यायची सोय ठेवली. आणि ती दोघांपैकी कोणीही एकटं जाऊन करू शकेल अशी ठेवली. तिथे सरकारने माती खाल्ली.

"हे पाहा," मृणाल म्हणाली, "एखादी संख्या गुणाकाराने झालेली आहे का, हे ती न फोडताच कळतं. त्याची चाचणी आहे. एक लहान संख्या घ्यायची, तिचा ठरलेला घात करायचा आणि तुमच्या संख्येने भागायचं. बाकी एक उरायला पाहिजे. एक सोडून दुसरं काही उरलं तर ती संख्या मूळ नाही, संयुक्त आहे. पण कशाकशाने झाली, ते ही चाचणी सांगत नाही. तुमच्या संख्येला तुमच्या किल्लीने भागलं, यांच्या किल्लीने भागलं. मागे एक राहायला पाहिजे होता. तीनशे अंक राहिले."

नखातेबाई उठल्या. अंगठी खाचेतच राहिली. ती त्यांच्यामागे घेऊन धावायचं काम नवऱ्याने केलं, आणि मृणालने पुढच्या जोडप्याला हाक मारली.

*

हे सगळं उकरून काढायची वेळ आली अडकित्त्यामुळे. खरं नाव मोठं होतं, पण लोकांनी त्या यंत्राला अडकित्ता म्हणायला सुरुवात केली आणि पुढे बातम्यांतही तेच नाव चाललं. तो पुंज संगणक होता. एखाद्या संख्येचे चढते घात घेऊन भागत गेलं की बाक्यांची जी रांग तयार होते, ती काही अंतराने पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ते अंतर सापडलं की मोठी संख्या कुठे फुटते ते काढता येतं. साध्या संगणकाला ती रांग एकेक करून चालावी लागते आणि ती संपत नाही. अडकित्ता साऱ्या रांगेवरून एकदम हात फिरवतो आणि ठेका ओळखतो. तो देशात दोन ठिकाणी बसला, आणि त्या दिवसापासून जुनं एकही कुलूप भरवशाचं राहिलं नाही. म्हणून कुलूपबदल. प्रत्येक जोडप्याने यायचं, जुन्या संख्येचे भाग मोजून घ्यायचे आणि नव्या पद्धतीच्या कुलपात तितकेच भाग घालून निघायचं. ज्याच्याकडे अनोळखी भाग निघेल त्याने अर्ज केला, तर तो कोणाचा ते वरच्या नोंदींतून काढून देत; आणि दोघांपैकी एकाची अंगठी हरवलेली असेल, तर उरलेली संख्या आधी अडकित्त्याकडे पाठवली जाई आणि फोड होऊन परत येई.

शेवटची तारीख जवळ आली होती. केंद्रातल्या सगळ्यांनी आपापली कुलपं केव्हाच बदलून घेतली होती. मृणालचं तेवढं भिजत घोंगडं पडलं होतं.

"मृणालताई, आज करून टाकू का तुमचं?" पाच नंबरवरची शाहीन रोज विचारी. "पाच मिनिटांचं काम आहे."

"उद्या," मृणाल रोज म्हणे.

कारण काय, ते शाहीनला माहीत नव्हतं. मृणालला पुरतं माहीत होतं.

*

नागपुरात आता वैशाखात दुपारबंदी असे. पहाटे कचेऱ्या उघडत, अकराला बंद होत, आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. मृणाल साडेअकराला घरी पोचली तेव्हा जिन्यातच तिला तिचा नवरा प्रफुल्ल दिसला. तो दुसऱ्या मजल्यावरच्या बोंद्रे यांच्या दाराचं कुलूप धरून उभा होता. त्याने ते एकदा ओढलं, मग पुन्हा ओढलं, आणि समाधानाने मान हलवली.

मागे कुंदाताई उभ्या होत्या. मृणाल कामावर असताना त्या प्रफुल्लजवळ थांबत. "सकाळपासून चौथी चक्कर आहे ताई," त्या म्हणाल्या. "बोंद्रेबाई कावल्या मघाशी. मी तरी किती धरू माणसाला?"

प्रफुल्ल कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होता. जमिनीखाली शंभर माणसं उतरलेली असताना एक माप चुकलं तर काय होतं हे पाहिलेला माणूस. त्याची जन्माची सवय होती, कुलूप लावलं की दोनदा ओढून पाहायचं. गावाला निघताना टॅक्सी खाली खोळंबलेली असे, मृणाल ओरडत असे, आणि हा वर दाराशी. "लागलं. चल," म्हणूनच तो जिना उतरायचा. आता त्याला मृणालचं नाव आठवत नव्हतं, मुलीचं आठवत नव्हतं, स्वतःची अंगठी त्याने कुठे टाकली ते तर देवालाच ठाऊक. पण कुलूप दोनदा ओढायचं तेवढं हाताने धरून ठेवलं होतं.

मागच्या वैशाखात दुपारबंदीच्या ऐन वेळी तो बाहेर निघून गेला होता. मृणालचा डोळा लागला होता, बस. बंद बाजारात एकेक शटर ओढून पाहत तो फिरत राहिला आणि पोलिसांच्या गाडीला चौकात पडलेला सापडला. वाचला, पण तेव्हापासून मृणाल दुपारी झोपत नव्हती. रात्री तो झोपत नव्हता म्हणून तीही झोपत नव्हती. तिचं डोकं सदा जड असे, आणि दूध उतू गेलं तरी ती क्षणभर नुसती पाहत राही.

जेवणं झाल्यावर मुलीचा, ओवीचा फोन आला. ती नाशिकला असते, नोकरीत आणि दोन लहान मुलांत अडकलेली.

"आई, 'निवांत'वाले पुन्हा विचारून राहिले. जागा फक्त या आठवड्यापुरती आहे."

काटोल रस्त्यावरचं, आठवण गेलेल्या माणसांना सांभाळणारं 'निवांत' मृणालने आतून पाहिलं होतं. चांगलं होतं. गार होतं, स्वच्छ होतं, मागे बाग होती. पण तिथली फाटकं बाहेरून बंद असत. म्हातारी माणसं परस्पर आणून टाकण्याचे प्रकार झाल्यामुळे, अशा ठिकाणी ठेवायचं तर कायद्याने जोडकुलपाची संमती लागे.

"बाबांची अंगठी नाही ना ओवी. मी एकटी काय करू शकते?"

"अगं, तूच तर सांगतेस लोकांना! संख्येला तुझ्या किल्लीने भागलं की बाबांची निघते. मग दोन्ही तुझ्याजवळ."

हेच ते. दोन भागांच्या कुलपात नवरा-बायकोला एकमेकांपासून काही लपवता येत नसे; एकाची किल्ली असली की भागाकाराने दुसऱ्याची हाती येई. मृणालने पाच मिनिटं काढली असती तर प्रफुल्लची किल्ली तिच्या हातात आली असती. आणि मग 'माझ्या एकटीच्या हातात काय आहे' हे म्हणायची सोय गेली असती. मग तिलाच ठरवावं लागलं असतं. आणि ठरवायला बसली तर ती त्याला पाठवून देईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती थकली होती. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला आपण थकलो म्हणून पाठवून दिलं, एवढं एकच कारण तिच्याजवळ होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती.

"पाहते," ती म्हणाली.

"तू मागच्या महिन्यातही पाहते म्हणाली होतीस. आई, मला बाबांपेक्षा तुझी भीती वाटून राहिली आता."

फोन ठेवल्यावर पाहते तर प्रफुल्ल दाराशी उभा होता. कडी ओढत होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी कमी होती. मृणाल आपणहून उठून शाहीनच्या टेबलासमोर जाऊन बसली आणि तिने बोटातली अंगठी काढून खाचेत ठेवली.

शाहीन खूश झाली. "चला, सुटलो एकदाचे," ती म्हणाली आणि तिने संख्या मागवली.

पडदा मृणालला उलट बाजूने दिसत नव्हता. शाहीनचा चेहरा दिसत होता. शाहीन पडद्याकडे पाहत राहिली, मग तिने हात लांब केला आणि पाण्याचा ग्लास मृणालपुढे सरकवला.

मृणालला आधी कळलंच नाही. मग तिने उठून पडदा स्वतःकडे वळवला. ओळी मोजायची गरज नव्हती. इतकी वर्षं पाहिलेल्या डोळ्यांना नऊ ओळी नुसत्या जाडीवरून कळत.

"यंत्राची चूक असेल ताई," शाहीन म्हणाली.

"भाग माझ्या किल्लीने."

शाहीनने भागलं. सहा ओळी उरल्या. तीन उरायला हव्या होत्या. चाचणी लावली, बाकी एक आली नाही. संयुक्त.

"वाक्य म्हण ना," मृणाल म्हणाली. "नियम आहे."

"राहू द्या ना ताई."

"म्हण."

शाहीनने खाली पाहून ते वाक्य म्हटलं. तुमच्या दोघांच्या किल्ल्यांशिवाय आणखी एक किल्ली यात गुणलेली आहे. ऐकायला ते इतकं वाईट लागतं, हे मृणालला तेव्हा समजलं.

अर्ज तिने तिथेच भरला. उरलेल्या सहाशे अंकांची संख्या अडकित्त्याच्या रांगेत लागली. घरी जाताना तिला राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच्या आधी आलं ते वेगळंच. तिला हलकं वाटलं. बोटावर मोजण्याइतकी पावलं ती अगदी हलक्या अंगाने चालली, आणि मग ते कशामुळे हे ध्यानात येऊन रस्त्यातच उभी राहिली. तिला कारण मिळालं होतं.

*

अडकित्त्याचं उत्तर येईपर्यंतचे दिवस तिने प्रफुल्लशी नीट बोलण्यात घालवले नाहीत. त्याला जेवू घातलं, आंघोळ घातली, औषधं दिली, सगळं केलं, पण हातात प्रेम नव्हतं. भात कालवताना तिच्या डोक्यात नावं फिरत. खाणीच्या ऑफिसातली ती हसरी टायपिस्ट. यवतमाळची त्याची मामेबहीण, जिच्या लग्नाला हा तीन दिवस आधी गेला होता. कोणीतरी एक बाई, जिला प्रफुल्ल आष्टनकरवर एक तृतीयांश हक्क होता, आणि आता त्याला कुठे ठेवायचं ते मृणालने तिला विचारायचं होतं.

"कोण आहे ती?" एकदा तिने त्याच्या तोंडापाशी घास नेऊन विचारलं.

प्रफुल्लने खूप विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या. "घरीच असते," तो म्हणाला. "येईल आता."

मृणालने घास ताटात परत ठेवला आणि ती उठून गॅलरीत गेली. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. तिने ओवीला फोन लावला आणि 'निवांत'ची जागा धरून ठेवायला सांगितलं. ओवीला हायसं वाटलेलं फोनवरसुद्धा कळलं. तिसऱ्या भागाचं मृणालने तिला सांगितलं नाही. मुलीला बापाबद्दल असलं काय सांगणार!

*

उत्तर आलं तेव्हा ती टेबलावर कामातच होती. पडद्याच्या कोपऱ्यात खूण उमटली. समोरचं जोडपं सहा ओळींचं होतं. त्यांना तिने शांतपणे मोकळं केलं आणि मग उघडलं.

दोन संख्या होत्या. तीन ओळींची एक, तीन ओळींची दुसरी. खाली अडकित्त्याचा शिक्का, की दोन्ही मूळ आहेत आणि यापुढे फोड नाही.

माणसाला आपली तीनशे अंकी संख्या काही पाठ नसते. पण जिला रोज अंगठी खाचेत ठेवून यंत्र सुरू करावं लागतं, तिला निदान तिचं तोंड आणि शेपूट ओळखीचं होतं. पहिली संख्या सहा शून्य आठ आठ चारने सुरू होत होती. मृणालने ती पुन्हा वाचली, मग शेवट पाहिला. दोन सात एक.

"शाहीन, यांनी घोळ घातला. माझीच संख्या परत पाठवली मला."

शाहीन उठून आली. "तुमची कशी येईल ताई? तुमच्या किल्लीने तर आपण आधीच भागलं होतं. उरलेलं पाठवलं."

"तेच म्हणून राहिले ना मी."

दोघींनी त्या सहा ओळी पुन्हा वाचल्या. मग शाहीन हळूच म्हणाली, "पुन्हा भागून पाहा बरं."

मृणालने अंगठी खाचेत ठेवली. नऊ ओळींना तिने आपल्या किल्लीने भागलं. सहा ओळी. त्या सहांना तिने पुन्हा आपल्याच किल्लीने भागलं. बाकी शून्य. तीन ओळी उरल्या. चाचणी लावली, बाकी एक. मूळ. ती प्रफुल्लची.

तिसरं कोणी नव्हतंच. जी दुसऱ्यांदा गुणलेली होती ती मृणालच होती.

इतक्या जोडप्यांच्या संख्या तिने भागल्या, पण कोणाचीच त्याच किल्लीने दुसऱ्यांदा भागून पाहिली नव्हती. एकच किल्ली कोणी दोनदा कशाला गुणेल? बारा म्हणजे बे दुणे चार, चार त्रिक बारा, असं पाचवीच्या मुलांना शिकवणाऱ्या बाईंना ते कदाचित सुचलं असतं, पण ही तर कॉलेजात शिकवणारी.

तिची अंगठी एकदा अर्धा दिवस हरवली होती. पीठ मळताना ती काढून खिडकीच्या खिळ्याला अडकवायची, तिथून गेली. दुपारी प्रफुल्ल घेऊन आला. गाडीत पडली होती म्हणाला. सोबत संत्रा बर्फी होती. "आज काय?" तिने विचारलं होतं. "काही नाही. एक काम उरकलं," तो म्हणाला होता आणि त्याने स्वतःच पहिली वडी खाल्ली होती. तेव्हा तो धडधाकट होता. निदान तिला तसं वाटत होतं. त्याआधीच्या आठवड्यात तो एकटाच मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता, हे तिला पुढे कितीतरी महिन्यांनी कळलं.

भाग तीन असतील तर दोन पुरतात, आणि इथे दोन तिचेच होते. निम्म्याहून जास्त. हा नियम ती रोज लोकांना तोंडपाठ सांगत होती. प्रफुल्लने मापं घेतली होती. पुढे आपल्याला काही सांगता येणार नाही, हिला विचारायला कोणी उरणार नाही, आणि ही आपल्याला विचारल्याशिवाय काही करणार नाही. तर हिला तशी मोकळीक देऊन ठेवावी. तोंडाने बोलला असता तर तिने भांडण काढलं असतं. म्हणून तो बोलला नाही, गुणून आला.

मृणाल टेबलावर डोकं टेकून रडली. शाहीनने चार नंबरवर 'बंद'ची पाटी ठेवली आणि रांगेतल्या लोकांना आपल्याकडे बोलावून घेतलं.

*

दुसऱ्या दिवसापासून मृणालने आपल्या टेबलावर एक पायरी वाढवली. नऊ ओळी आल्या की दोघांच्या किल्ल्यांनी पुन्हा एकदा भागून पाहायचं. वरच्या साहेबांनी हे नियमात कुठे आहे विचारलं. ती म्हणाली, नाही आहे. आधी परत पाठवलेल्यांनाही तिने फोन लावायला सुरुवात केली.

नखातेबाई एकट्याच आल्या. नवऱ्याची अंगठी रुमालात बांधून आणली होती. मृणालने भागलं, त्यांच्या किल्लीने आणि मग नवऱ्याच्या. दोन्ही वेळा बाकी उरली, लांबलचक.

"नाही जात," ती म्हणाली. "दुसऱ्याच कोणाची आहे. मी उगीच बोलावलं तुम्हाला."

"माहीत होतं मला." नखातेबाई या वेळी ग्लासातलं सगळं पाणी प्यायल्या. "तरी आले."

"नाव काढायला देऊ? अर्ज करावा लागेल."

"नको मॅडम. आहे, एवढंच पुरलं मला. नाव घेऊन काय करू? ते नाव घरी नेऊन ठेवू कुठे?" त्यांनी दोन्ही अंगठ्या रुमालात बांधल्या. "तुमच्याकडे सगळ्यांचं असंच निघते का?"

"नाही," मृणाल म्हणाली. याहून जास्त बोलायची तिला लाज वाटली.

त्या गेल्यावर तिने शाहीनकडे जाऊन आपलं कुलूप बदलून घेतलं. नव्या कुलपातही भाग तीनच ठेवले, दोन तिचे आणि एक त्याचा. मग 'निवांत'चा संमतीचा कागद पडद्यावर उघडला. आता तिच्याजवळ कारण उरलं नव्हतं. कोणी बाई नव्हती, कोणाचा अपराध नव्हता. होता तो फक्त थकवा, आणि तो पुरेसा आहे असं एका माणसाने ती थकायच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलं होतं. तिने अंगठी खाचेत ठेवली. पहिला भाग, संमत. अंगठी उचलून पुन्हा ठेवावी लागली. दुसरा भाग, संमत. तिसरा यंत्राने विचारलाच नाही.

*

ओवी येणार होती, पण मृणालने तिला थांबवलं. प्रफुल्लला तिने स्वतः नेलं, पहाटे, ऊन चढायच्या आत. बॅगेत त्याचे सुती सदरे होते, रेडिओ होता आणि संत्रा बर्फीचा डबा होता. टॅक्सीत तो खिडकीबाहेर पाहत बसला. वाटेत एक कोळशाची मालगाडी गेली तेव्हा तो डबे मोजू लागला, आणि अर्ध्यावर चुकून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

'निवांत'मधली मुलगी मोकळ्या स्वभावाची होती. तिने प्रफुल्लला काका म्हटलं आणि बाग दाखवायला नेलं. खोली गार होती. खिडकीतून कडुनिंब दिसत होता. मृणालने सदरे कपाटात लावले, औषधांच्या वेळा दोनदा समजावल्या, रेडिओ सुरू होतो का ते पाहिलं. करण्यासारखं आणखी काही उरलं नाही तेव्हा ती फाटकाकडे निघाली. प्रफुल्ल तिच्यामागून चालत आला.

"काका इथेच थांबतील," मुलगी म्हणाली आणि तिने मृणाल बाहेर पडल्यावर फाटक लोटून कुलूप घातलं.

प्रफुल्ल आत राहिला. मृणालला वाटलं तो आता ओरडेल, गज धरेल, आणि मग आपल्याच्याने जाववणार नाही. त्याने खरंच गजांतून हात बाहेर काढला. कुलूप चाचपलं. एकदा ओढलं. मग पुन्हा ओढलं.

"लागलं," तो म्हणाला आणि त्याने मान हलवली. त्याच्या डोळ्यांत तिची ओळख नव्हती, पण आवाज घरातलाच होता. "जा आता."

"येते," मृणाल म्हणाली.

टॅक्सीवाला उन्हाची घाई करत होता. ती मागच्या सीटवर बसली, आणि गाडी काटोल नाक्याला लागायच्या आतच तिला झोप लागली.